हिरवी खूण आणि माझी सही

परभणीत स्टेशन रोडला, औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. काम वेबसाइट बनवायचं. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून मला नोकरी मिळाली. तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून गिऱ्हाइकासमोर मला कुणी बसवत नसे. दोन्ही गोष्टी मला सोयीच्या होत्या.

त्या वर्षी एका शिक्षण संस्थेत अंध मुलांना शिकवायची जागा निघाली. अर्ज फक्त वेबसाइटवर भरायचा होता. साइट अंध माणसाला वापरता येते असा दाखला संस्थेला वर, सरकारकडे पाठवायचा होता. तपासणी माझी, म्हणून सही माझी.

मी इंटरनेटवरून दोन साधनं उतरवून घेतली. फुकट, आणि कुणीही आतला कोड उघडून बदलावा अशी. एक पानातल्या चुका शोधणारं, दुसरं स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचणारं. मराठी आवाज बसवण्यात दोन दिवस गेले. अर्धा वेळ वीजच नसायची. मग चुका काढल्या. फोटोंना वर्णन नव्हतं, रकान्यांना नावं नव्हती. सगळं भरलं, तेव्हा पानोपानी हिरवी खूण आली.

"झालं ना? मार सही," आमचे मालक, सर म्हणाले.

मी चुडाव्याच्या ताईंना बोलावलं. त्या जन्मापासून अंध. याच जागेसाठी त्यांना अर्ज करायचा होता. आदल्या वर्षी अंधांसाठी राखीव असलेल्या अशाच एका जागेचा अर्ज त्यांनी नेट कॅफेत भरून घेतला होता. भरणाऱ्यानं 'अंध आहात का' यापुढे 'नाही' लावलं आणि अर्ज बाद झाला. यंदा त्या कुणाला हात लावू देणार नव्हत्या. महिनाभर दर शनिवारी रेल्वेनं येऊन त्या माझ्याकडे ते वाचणारं साधन शिकत होत्या.

त्यांनी हेडफोन लावला. थोड्या वेळानं हसल्या.

"अगं, तुझं यंत्र काय बडबडायलंय?"

मी आवाज स्पीकरवर घेतला. एफ, के, डॅश, सेमिकोलन, पुन्हा के. स्क्रीनवर मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं, शैक्षणिक पात्रता.

मजकूर संस्थेनं डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणला होता. आपल्याकडच्या लग्नपत्रिका, हँडबिलं ज्या जुन्या फाँटमध्ये होतात, त्यातच. वरून मराठी दिसतं, आत इंग्रजी कळांची अक्षरं असतात. आपला हा रिवाज परदेशात बनलेल्या साधनाला कुठून ठाऊक असणार? त्यानं रकान्यांची नावं आहेत एवढं पाहिलं. मीही पाहिलंच होतं फक्त. हेडफोन लावून ते पान मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"ताई, मी वाचून दाखवू? तुम्ही सांगा, मी भरते."

"नको." त्यांनी हेडफोन उतरवला. "विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत मी शाळेत होते. घरी पेपर वाचून दाखवायचे. आपल्या वस्तीवर कुठं काय झालं, ते गाळायचे. लेकरू भिईल म्हणून. पण आवाज अडखळला की मला कळायचं, इथं काहीतरी गाळलंय. लय वर्षं गाळलेलं ऐकलं मी."

मी सही केली नाही.

"मशीन पास म्हणायलंय अन् तू नापास करायलीस," सर म्हणाले. "जास्त शिकलीस का मशीनपेक्षा?"

मी साधनाचा कोड उघडला आणि त्यात एक नियम लिहिला: या फाँटांपैकी कुठला दिसला, तर पान नापास. पुन्हा तपासणी लावली. पानं लालच लाल झाली. त्या अहवालावर मी सही केली, पूर्ण नावानिशी.

"नापासाचा दाखला कोण घेणार?" म्हणत सरांनी मला संस्थेत नेलं. तिथले सचिव वडीलधारे होते. ते म्हणाले, "पोरी, सगळ्यांना मराठी दिसायलंय की. तुलाच कसं दिसेना?"

बोलायला गेले असते तर रडले असते. मी उठून पेनड्राइव्हवरचं ते वाचणारं साधन त्यांच्या कॉम्प्युटरवर चालू केलं, अर्जाचं पान उघडलं, मॉनिटरचं बटण बंद केलं आणि आवाज वाढवला. एफ, के, डॅश.

"आता भरा अर्ज, साहेब," मी म्हणाले.

सर खिडकीबाहेर बघत होते. सचिवांनी ओळभर ऐकलं, दोन ओळी ऐकल्या, मग हातानं खूण केली, पुरे. मी लगेच बंद केलं नाही. पान संपेपर्यंत चालू ठेवलं.

मजकूर नव्यानं, आतही मराठीच राहील अशा फाँटात टाइप करायला आठवडा लागला. तो मीच केला, माझ्या कच्च्या मराठीत, प्रत्येक ओळ कानानं तपासत. मुदत दोन दिवसांवर आली असताना ताई आल्या. मी खुर्ची मागे ओढून बसले. त्या एकेक रकाना ऐकत, भरत गेल्या. 'अंध आहात का' आलं, तशा थांबल्या, तो रकाना दोनदा ऐकला आणि 'होय' लावलं.

"गाळलं न्हाई ना काही?" त्यांनी यंत्रालाच विचारलं, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा ऐकलं. मग अर्ज पाठवला.

दाखल्यावर मी सही केली ती त्यानंतर.