काकूंचं लाकूड

आमच्या सामाईक अंगणातल्या नळाशी चार ड्रम आहेत आणि त्यांच्यावरून शेजारच्या लाकूडकाकांशी माझं वीस वर्षं वाजतंय. नदीतून वाहून आलेली लाकडं काका गोळा करतात आणि माशांच्या टाक्यांत शोभेला ठेवण्यासाठी तयार करतात. साल सोलायची, कुजका भाग टोचून काढायचा, पातेल्यात दिवसभर उकळायचं, मग वर वीट ठेवून ड्रममध्ये बुडवायचं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, ते बदलत राहायचं. वीट काढल्यावरही लाकूड तळाशीच राहिलं, की ते तयार. घाई केली तर ते गिऱ्हाइकाच्या टाकीत तरंगतं आणि काकांची अब्रू जाते.

लाकूड हेरायची नजर मात्र काकूंची. "हे नुसते हमाल," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि काका खुशाल मान डोलवायचे. गावभरच्या टाक्या सजवल्या, स्वतःच्या घरात एक नाही. दिव्याखाली अंधार! तीन वर्षांपूर्वी काकूंनी तीन फांद्यांचं एक लाकूड आणलं आणि बजावलं, "हे विकायचं नाही हं. हे बुडलं की आपल्याकडे टाकी आणायची." महिन्याभरात काकू गेल्या.

ते लाकूड काही बुडेना. एवढं मुरलेलं लाकूड तीन वर्षं तरंगतं कसं? मी पाळत ठेवली, तेव्हा चोरी सापडली. ते तळाला टेकायला आलं, की काका बाहेर काढून कठड्यावर आठवडाभर उन्हात वाळवायचे. वाळलं की पुन्हा तरंगायला मोकळं.

"काका, लाकूड बुडतंय. तुम्हीच बुडू देत नाही!" मी भडकले.

"बुडलं की तिनं सांगितलेलं सगळं करून झालं गं," ते म्हणाले. "मग मी कशाची वाट बघू?"

मी तणतणत घरात गेले.

गेल्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काका लेकीकडे गेले. पंधरा दिवस पाणी बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाचव्या दिवशी मी वीट उचलली. लाकूड हललंसुद्धा नाही. जिंकले मी! आता काका आले की टाकी आणायला लावायची, असं ठरवून टाकलं. मग त्या तीन फांद्यांकडे बघताना काकूंचं ते "हं" कानात आलं. काकूंची मला इतकी आठवण येते, हे तोवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

बाह्या वर केल्या, लाकूड बाहेर काढलं आणि कठड्यावर उन्हात ठेवलं.

काका आले ते काळा चष्मा लावूनच. घरात न जाता आधी कठड्याशी गेले. लाकूड चाचपलं, माझ्याकडे बघितलं, मग ते ड्रममध्ये सोडलं. बोटाने खाली दाबलं, तर टुणकन वर आलं.

"अजून तयार नाही गं," ते म्हणाले.

"नाही ना," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी नळाखाली बादली लावली.