इकबालचा बोटभर चाकू

इकबाल दारव्ह्यात फवारणीचे पंप दुरुस्त करतो. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान. बोंडअळीच्या त्या वर्षी त्याच्या जावयानं, शादाबनं, त्याला नागपूरहून बोटाएवढा घडीचा चाकू आणून दिला. पातं, कात्री, पेचकस आणि दात कोरायची सुईसारखी बारीक काडी, सगळं त्यात.

इकबालनं आठ दिवस त्याची परीक्षा घेतली आणि निकाल आम्हाला ऐकवला. "पातं चांगलं हाय, नरहरभाऊ. कात्री कामाची नाही, पेचकस त लेकराचा खेळ. पण काडी एक नंबर." तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा माणूस तो, डोकं कामात असलं की काडी दातांत असायचीच.

त्या हंगामात औषध फवारणारी माणसं रोज सरकारी दवाखान्यात भरती होत होती. गिऱ्हाईक पंपाचं तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायला लागलं की इकबाल खेकसायचा, "कायले तोंड लावून राह्यला? मरायचं हाय का?"

एके दुपारी माझी चार वर्षांची नात शाल्मली दुकानात आली. इकबाल चहाला गेला होता. मी त्याच्या टेबलावरचा चाकू न विचारताच उचलला आणि तिला पेरू कापून दिला. अर्धा पेरू संपला तेव्हा तो परतला. माझ्या हातातला चाकू पाहून त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ, सकाळी मी या काडीनंच नोझल कोरलं. तार जात नव्हती. ओलीच आत सरकवून देली."

मी पोरीच्या तोंडात बोट घालून उरलेला घास काढला. चाकू खिशात टाकून इकबालनं स्कूटर काढली आणि आम्ही सरकारी दवाखान्याकडे निघालो. वाटेत मी त्याला नाही नाही ते बोललो. चाकू मी उचलला होता, हे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही.

डॉक्टरांनी शाल्मलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तोंडाचा वास घेतला. "तीन तास लक्ष ठेवू," म्हणाले. इकबालला शिपायानं व्हरांड्यातच थांबवलं. आत शेजारच्या खाटेवर फवारणीवाला एक गडी घामानं निथळत होता. शाल्मलीच्या कपाळावर उकाड्यानं घाम आला की माझा जीव खालीवर व्हायचा. मी तिचा श्वास न् श्वास मोजत होतो. इतका मी जन्मात कधी भ्यालो नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही नाही हिला. घरी न्या."

तिला कडेवर घेऊन मी व्हरांड्यात धावलो. इकबाल बाकावर बसून दाराकडे एकटक बघत होता. चाकू त्याच्या मुठीत होता आणि काडी दातांत.

"इकबाल, थूक ते."

त्यानं काडी तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कवापासून होती, भाऊ?"

मी तीन तास आत होतो.