बिन कार्डावरची तुर्की

माझ्या साडभाऊइतकी अस्खलित तुर्की बोलणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली. खरं तर ते एका दुपारी, एका केबिनमध्ये, एका माणसाला नुसतं तोंडी सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं नाही आणि मग टाळतच गेलो. घरात कोणी त्याच्या तुर्कीचा विषय काढला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, नाहीतर चहा मागायचो. आता सत्तरी ओलांडली आहे. डॉक्टरांनी चहा दिवसाला एकच ठेवला आहे आणि टीव्ही मला नीट ऐकूही येत नाही. तेव्हा लिहून टाकतो.

साडभाऊ म्हणजे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघं बुटीबोरीच्या एकाच कापड गिरणीत होतो. मी पर्सोनेल ऑफिसर, तो स्टोअरमध्ये क्लार्क. कंपनीच्या बसमध्ये मी पुढे बसायचो, तो मागे. सासुरवाडीलाही थोरला जावई म्हणून पहिलं ताट माझं. ही व्यवस्था आम्हा दोघांना मान्य होती. मला जरा जास्तच. एका वर्षी गिरणीने तुर्कस्तानातून स्टेंटर मागवला. ओलं कापड ताणून सुकवणारं हे लांबलचक यंत्र. ते बसवायला तिथल्या बुर्सा शहरातून एक साठीचा, जाड मिशांचा फिटर आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, हिंदीचा प्रश्नच नव्हता. नाव विचारलं की तो छातीवर हात ठेवून 'उस्ता' म्हणे, म्हणजे मिस्त्री. मोठ्या कामापुरता दिल्लीहून आणलेला दुभाषा होता. पण नट-बोल्टसाठी उस्ताला स्टोअरच्या खिडकीशीच यावं लागे, आणि खिडकीत माझा साडभाऊ. उस्ता नटकडे बोट दाखवून 'सोमुन' म्हणे. साडभाऊ नट देई आणि शब्द ठेवून घेई. दुपारी दोघं एकाच डब्यातून वांग्याचं भरीत खात. चार महिन्यांनी उस्ता परत गेला तेव्हा साडभाऊकडे दोनएकशे तुर्की शब्द जमले होते, बहुतेक सगळे लोखंडाचे.

दुसऱ्या कोणी ते विसरून टाकले असते. पण हा स्टोअरचा माणूस. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूच्या खणाला एक बिन कार्ड लटकवलेलं असतं : माल कधी आला, कोणाला दिला, शिल्लक किती. साडभाऊने प्रत्येक शब्दाचं बिन कार्ड केलं. शब्द आला कुठून, वापरला कोणापाशी, सगळी नोंद. घराच्या मागच्या खोलीत दोऱ्यांवर ही कार्डं अशी लटकलेली की पहिल्यांदा पाहणाऱ्याला पापड वाळत घातलेत असं वाटावं. तीन महिने न वापरलेला शब्द डेड स्टॉकच्या दोरीवर जाई, आणि मग तो बाहेर काढायला साडभाऊ गिऱ्हाईक शोधत फिरे. एकदा 'चोबान', म्हणजे मेंढपाळ, हा शब्द डेड स्टॉकमध्ये जायला आला म्हणून तो सुटीच्या दिवशी स्कूटरवरून कन्हानपलीकडे गेला, एका धनगराला गाठून त्याच्यापाशी तो शब्द वापरून आला. "दुकान, दुनिया, हवा, साबण, मैदान, हमाल! अर्धा माल आपल्याकडे पहिलेच आहे, दादा. अन् क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. मंग राहिलं काय?" असं तो मला समजावी. राहिलं होतं ते त्याने मोबाईलवर तुर्की मालिका पाहून, रेडिओ ऐकून आणि बसच्या मागच्या सीटवर स्वतःशी भांडून पुरं केलं. स्वतःशी भांडून, कारण त्याच्या मते भांडता येईपर्यंत भाषा आली असं म्हणता येत नाही. बस वर्धा रोडला लागली की मागून तुर्कीत कडाक्याचं भांडण सुरू व्हायचं. दोन्ही बाजू तोच लढवायचा आणि बहुधा हरायचाही तोच.

तुर्की लोकांकडे प्रत्येक प्रसंगाला एक ठरलेलं वाक्य असतं, याचं त्याला फार अप्रूप. काम करणाऱ्या माणसाजवळून गेलं तर 'कोलाय गेल्सिन' म्हणायचं : काम सोपं जावो. हे तो रस्ता झाडणाऱ्या बाईला, कंडक्टरला, पंक्चरवाल्याला, सगळ्यांना म्हणे. एकदा आमच्या कॉलनीत खांबावर चढलेल्या लाईनमनला त्याने खालून ओरडून सांगितलं. लाईनमन सरसर खाली उतरला.

"काका, शिवी कायले देता?"

"शिवी नाही गा. तुझं काम सोपं जावो म्हटलं."

"मंग मराठीत म्हना ना!"

"मराठीत हे वाक्यच नाही ना बाप्पा, तेच तर दुःख आहे!"

लाईनमन तसाच सायकलवर बसून निघून गेला. वीज दुसऱ्या दिवशी आली. घरी जेवण झालं की तो बायकोला 'एलिने सालिक' म्हणे, तुझ्या हातांना आरोग्य लाभो. साळी माझ्या बायकोपाशी तक्रार करी, "ताई, यायले सांग ना वं. मीठ जास्त पडलं तरी तेच म्हणते, भाजी जळली तरी तेच म्हणते. मले समजाव कसं?" पण शेजारीण बसली असली की तीच त्याला खुणावून पुन्हा म्हणायला लावी, हेही मी पाहिलं आहे.

माझ्या मुलाच्या साक्षगंधात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही, निदान मला. व्याही चंद्रपूरकडचे, मोजकं बोलणारे. आशीर्वाद द्यायला म्हणून साडभाऊने माईक घेतला, तुर्कीत एक वाक्य खणखणीत म्हटलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून शब्दशः मराठीही केलं : "दोघंही एकाच उशीवर म्हातारे व्हा!" बायकांनी पदर तोंडाला लावले. नवरी मुलगी फुटून हसली. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांची तब्येत बरी असते ना?" मी म्हटलं, "अधूनमधून." हे त्याच्याबद्दल मी बोललेलं पहिलं खोटं.

दुसरं सहा महिन्यांनी बोललो. गिरणी आणखी दोन यंत्रं घेणार होती, आणि तुर्की कंपनीने एका माणसाला दोन महिने बुर्साला शिकायला बोलावलं. पत्रात उस्ताच्या आग्रहावरून साडभाऊचं नाव घातलेलं होतं : स्टोअरचा तो माणूस पाठवा, त्याच्याशी बोलता येतं. मॅनेजर नवा होता, त्याने उस्ताला पाहिलं नव्हतं. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, पत्र पुढे सरकवलं आणि विचारलं, "तुमचे नातेवाईक ना हे? खरंच येतं का यांना?"

मला काय माहीत होतं? तुर्की मला कळत नव्हती. तो चांगली बोलतो की नुसता बडबडतो, हे सांगायचा मला अधिकारच नव्हता. पण उस्ता गेल्यापासून चार वर्षं रोज बसमध्ये मी ते भांडण ऐकत होतो आणि त्यात तो एकदाही अडखळला नव्हता. एवढं तर मला माहीत होतं. मी हसलो. म्हटलं, "साहेब, घरचा मामला आहे म्हणून सांगतो. डोक्याचा थोडा हलका आहे. कंपनीची शोभा होईल." मॅनेजरने पत्रावर दुसऱ्या एका इंजिनिअरचं नाव लिहिलं. मी तोवर विमानात बसलो नव्हतो, आणि मागच्या सीटवरचा माणूस माझ्याआधी विमानात बसणार होता. कारण एवढंच होतं. कंपनीच्या शोभेची काळजी मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

साडभाऊला मी सांगितलं की मुंबईच्या हेड ऑफिसने नाव कापलं, मी खूप भांडलो. त्याने ऐकून घेतलं. त्या रविवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं, मी भांडलो म्हणून. साळीने गोळाभात केला होता. मी दोनदा वाढून घेतला.

वर्षभराने नवं यंत्र अडलं. बुर्साहून शिकून आलेल्या इंजिनिअरला कारण सापडेना. शेवटी केबिनमधल्या कॉम्प्युटरवर उस्ताला जोडलं, आणि कोणीतरी म्हटलं, स्टोअरमधून त्यांना बोलवा. मीही तिथे होतो. पडद्यावर उस्ता दिसला, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि साडभाऊ बोलायला लागला. पाऊण तास. मध्येच तो यंत्राबद्दल भांडला, उस्ता भांडला, दोघंही हसले, पुन्हा भांडले. इंजिनिअरला तो मराठीत सांगे, "डाव्या बाजूची तिसरी साखळी ढिली करून पहा." ती ढिली केली आणि यंत्र चालू झालं. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो.

शेवटी उस्ताने काहीतरी विचारलं. साडभाऊने उत्तर दिलं, आणि उस्ता पडद्यातून माझ्याकडे पाहून छातीवर हात ठेवून वाकला.

"काय म्हणाला?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"विचारून राहिला होता, तू काहून नाही आला म्हणून. म्हटलं, माझ्या आबीनं, म्हणजे मोठ्या भावानं, लय जोर लावला, पण वरून नाही झालं. त्यानं तुमचे आभार मानले, दादा."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बस सुटेल, चल."

आम्ही दोघंही निवृत्त झालो. तो अजून बोलतच होता, आता उस्ताशी दर शुक्रवारी फोनवर. एका शुक्रवारी उस्ताच्या मुलाने फोन उचलला. त्यानंतर साडभाऊ महिनाभर मराठीही फारसं बोलला नाही. मागच्या वर्षी त्याच्या मुलीने हट्टाने त्याचा पासपोर्ट काढला आणि दोघं बुर्साला निघाले. पोहोचवायला मी विमानतळावर गेलो होतो. आत जाताना तो वळला आणि म्हणाला, "हक्कीनी हेलाल एत, आबी." मग नेहमीप्रमाणे समजावलं. लांबच्या प्रवासाला निघताना, कायमचा निरोप घेताना तिकडे असं म्हणतात. तुमचा माझ्यावर जो काही हक्क असेल, माझ्या हातून तुमचं काही वाईट झालं असेल, ते सोडून द्या. ऐकणाऱ्याने 'हेलाल ओल्सुन' म्हणायचं, म्हणजे सोडलं. त्याने माझ्यावर काय अन्याय केला होता ते मला आठवेना. मी म्हटलं, हेलाल ओल्सुन.

परत आल्यावर तो तासभर सांगत होता. समुद्र सांगितला नाही, मशिदी सांगितल्या नाहीत. उस्ताची कबर सांगितली, आणि उस्ताच्या बायकोने केलेलं वांगं. "दादा, त्या साली मी येणार म्हणून उस्तानं वरची खोली रंगवून घेतली होती म्हणे. निळी. अजून तशीच आहे. मले तिथंच झोपवलं. पहा, काय माणूस!" तो कौतुकाने सांगत होता. मी मान डोलावत होतो.

मग त्याला एकदम आठवलं. "अन् दादा, विमानतळावर तुम्ही उत्तर दिलं, पण उलट मागितलं नाही. दोघांनीही मागाचं असते. तसा रिवाज आहे."

"राहून गेलं."

"मंग आता मागा. मी शिकवतो."

घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं. हक्कीनी हेलाल एत. त्याने डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकलं, जसा तो प्रत्येक नवा शब्द ऐकतो. "'हेलाल' लांबवा जरा. पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. "हाव, आता येऊन राहिलं. अजून एकदा, मनापासून." तिसऱ्यांदा मी मनापासून म्हटलं, आणि तो खूश झाला. उच्चार साधला म्हणून.

"हेलाल ओल्सुन, आबी!" माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, आणि खिशातून कोरं बिन कार्ड काढून त्यावर माझं नाव लिहू लागला. कशाबद्दल मागितलं, ते त्याने विचारलं नाही. कार्डावर तेवढी जागा नसते. मी पेनाकडे बघत होतो. सांगायचं मराठीतच होतं, आणि ते तेवढं मला आलं नाही.