न आलेलं कोटेशन

गच्चीवर सोलर बसवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. म्हणजे ठरवलं मी. हे "बघू" म्हणाले, आणि आमच्या घरात ह्यांचं "बघू" म्हणजे होकार धरायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, हे एसटीत होते, आता दोघंही पेन्शनवर. जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी एसी बंद ठेवला तर जीव कासावीस होतो आणि चालू ठेवला तर बिल बघून होतो. कॉलनीत एकेकाच्या गच्चीवर पॅनल चढायला लागले होते. शेजारीण दर महिन्याला शून्याचं बिल घेऊन यायची, कौतुकाने दाखवायची आणि चहा पिऊन जायची. तिचा राग यायला लागला तेव्हा म्हटलं, आता आपणही बसवून टाकावं.

पहिला आला तो शहरातल्या एका मोठ्या दुकानाचा माणूस. गच्चीवर गेलाच नाही. सोफ्यावर बसून त्याने टॅबमध्ये आमच्या घराचा आकाशातून काढलेला फोटो उघडला, त्यावर बोटाने चौकोन ओढले आणि म्हणाला, "मॅडम, बसतंय." दुसऱ्या दिवशी रंगीत पानांचं जाडजूड कोटेशन आलं. पहिल्या पानावर हिरवंगार शेत आणि त्यात हसणारं एक गोरंपान कुटुंब. असं शेत आणि असं कुटुंब, दोन्ही मी जळगाव जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही.

दुसरा यावलकडचा होता. केळीच्या बागांमध्ये सोलर पंप बसवून बसवून या धंद्यात मुरलेला. बोलायचा इतका कमी, की मला आधी संशयच आला. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "दुपार कलल्यावर परत येतो. सावली कुठवर येते ते बघावं लागेल." मला वाटलं, गेला हा. पण तो खरंच परत आला, सावली बघितली, खडूने रेघ मारली. जाताना म्हणाला, "एक आधीच सांगतो ताई. बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरही बंद पडतं. लोकांना वाटतं वर ऊन आहे तर खाली पंखा फिरेल. तसं नसतं. नंतर भांडण नको." ही गोष्ट पहिल्याच्या रंगीत पानांत कुठेच नव्हती. मी त्याला फोन करून झापलं तर म्हणे, "मॅडम, ते सगळ्यांचंच तसं असतं."

मग मी दोन्ही कोटेशनं घेऊन बसले. सवयीने हातात लाल पेन. पण पेपर तपासायचे तर दोघांनी एकच प्रश्न सोडवलेला असावा लागतो. एकाने अर्थिंग धरलेलं, दुसऱ्याने वेगळं लावलेलं. एकाचा पॅनलखालचा सांगाडा कंबरेइतका, दुसऱ्याचा डोक्याच्या वर, म्हणजे खाली वाळवण घालता येईल असा. मीटर बदलण्याचा खर्च एकात आहे, दुसऱ्यात "नियमानुसार" असा मोघम शब्द. अनुदान एकाने आधीच वजा करून दाखवलेलं, म्हणून तो स्वस्त वाटायचा. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची, इन्व्हर्टरची त्याहून कितीतरी कमी, आणि सांगाड्याच्या हमीबद्दल दोघंही गप्प. पंचवीस वर्षांनी ते पॅनल चालतात की नाही हे बघायला आम्ही नसणार, हे मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "मग कशाला डोकं पिकवतेस?" मी पान उलटलं. संध्याकाळपर्यंत डोळे दुखायला लागले होते, पण यावलवाल्याला द्यायचं हे माझ्या मनाने घेतलं होतं.

तेवढ्यात ह्यांच्या तोंडून निघालं. आमची एकुलती मुलगी पारोळ्याला दिली आहे. फोनवर तिच्याशी बोलता बोलता हे म्हणाले, "आई सध्या सोलरच्या अभ्यासात आहे." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून ह्यांनीच जीभ चावली. मुलीच्या धाकट्या दिराने दिवाळीत पारोळ्याला सोलरचंच दुकान टाकलं होतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तिच्याजवळ विषय काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्याह्यांचा फोन. मोठा मोकळा आवाज. "अक्का, आमी काय परके शेत का? घरनं काम शे हाई. बठ्ठं आमी देखी लिसूत!" म्हणजे काम घरचंच, सगळं तेच बघून घेणार. आणि त्या रविवारी दीर पेढे घेऊन हजर झाला. पोरगा वाईट नाही. वाकून नमस्कार केला, गच्ची बघितली, पटापट फोटो काढले. मी म्हटलं, "तुमचं कोटेशन पाठवा बरं का, म्हणजे बघता येईल." तो हसला. "मावशी, घरच्या माणसाला कोटेशन देतात का? तुम्ही फक्त हो म्हणा."

मी परत विचारलं. तो परत हसला. तिसऱ्यांदा विचारणार होते, पण ह्यांनी टेबलाखालून पाय दाबला. दोन कोटेशनं कागदावर होती आणि हे तिसरं येणारच नव्हतं. त्याच्याशी कशाची तुलना करणार होते मी? आकडा विचारावा तर आम्ही नात्यात हिशेब करतो असं होणार. न विचारता दुसऱ्याला काम द्यावं तर व्याह्यांच्या तोंडावर नाही म्हटल्यासारखं होणार.

आता मला व्याह्यांच्या रागाची भीती का वाटावी, ते सांगते. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत बायकांनी बोलायचं नसतं, आम्ही आतल्या खोलीत होतो. देण्याघेण्याचं, कपड्यांचं, जेवणावळीचं सगळं पुरुषांनी उरकत आणलं, तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "माझं एकच आहे. मुलगी शाळेची नोकरी सोडणार नाही." सगळे बघत राहिले. व्याही म्हणाले, "आम्हाला तर अभिमान आहे अक्का." तेव्हापासून ती रोज सकाळची एसटी पकडून पारोळ्याहून अमळनेरला जाते. गणित शिकवते. मी नोकरी केली ती सासूच्या टोमण्यांवर टोमणे खात केली. हिला ते न खाता करता यावी, एवढंच मला हवं होतं.

पण त्या हिवाळ्यात विहीणबाईंच्या बोलण्यात एक नवीन सूर आला होता. "पोरीची फार धावपळ होते हो. पाचला उठते. मला बघवत नाही." मी आयुष्यभर पालकसभा घेतल्या आहेत. "आम्हाला मुलीची काळजी वाटते" म्हणत म्हणत लोक मुलीला शाळेतून कसं काढतात, ते मी समोर बसून ऐकलेलं आहे. 

त्या रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "तुझ्या मनात कोण आहे?"

"यावलवाला."

"मग?"

"मग काय. उद्या तिकडे कुणाचं तोंड वाकडं झालं तर पहिली तिची एसटी बंद होईल."

हे ताटातली भाजी चिवडत राहिले. शेवटी म्हणाले, "देऊन टाक घरच्यांना." मी लाल पेन कपाटात ठेवून दिलं. मला इतकं थकायला झालं होतं की कुठल्याही निकालाने बरंच वाटलं असतं.

यावलवाल्याला मीच फोन केला. काय सांगावं ते सुचेना. तोच म्हणाला, "नातेवाईक निघाले का कोणी?" मी हो म्हटलं. तो हसला, त्यात राग नव्हता. "आमच्याकडे निम्मी कामं अशीच जातात ताई. फक्त टाकीची सावली सांगा त्यांना." मी सांगितली. खडूची रेघही दाखवली. दीर म्हणाला, "मावशी, तेवढ्याने काही होत नाही," आणि रेघेच्या अलीकडे, टाकीच्या सावलीतच सांगाडा उभा केला, तोही कंबरेइतका. काम झाल्यावर व्याह्यांनी फोनवर तोंडीच आकडा सांगितला. दोन्ही कोटेशनांपेक्षा तो जास्त होता. आम्ही दिला, वर काम करणाऱ्या पोरांना टॉवेल-टोपीही दिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली. दोनच दिवस. अंगणातल्या झोक्यावर बसून दहावीच्या मुलांचे किस्से सांगत होती, कोण प्रमेय पाठ करून येतं, कोण उत्तराच्या खाली "बाई, पास करा" असं लिहितं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गच्चीवर गेली. पॅनलकडे बघत म्हणाली, "आई, मनापासून दिलंस ना काम?"

"मग काय तर."

"सगळ्यांना फार बरं वाटलं. आपल्या गच्चीचा मोठा फोटो लावलाय दुकानात. तो बघून लोक चौकशीला येतात."

मला तेव्हा खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, जास्तीचे गेले ते सत्कारणी लागले.

पावसाळ्यात कधीतरी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. जिन्याच्या कोपऱ्यात ती पेटी आहे. रोज जाता-येता हिरवा दिसायचा, एक दिवस लाल दिसला. ह्यांनी दिराला फोन केला. "उद्या माणूस पाठवतो काका." माणूस आला नाही. आठवड्याने परत केला, परत उद्या. तिसऱ्यांदा ह्यांनी फोन हातात घेतला तसा मी काढून घेतला. सारखी तक्रार केली तर तिकडे म्हणतील, सूनबाईंच्या माहेरचे किरकिरे आहेत. मग जेवताना तो विषय निघेल आणि ती खाली मान घालून ऐकत बसेल. म्हणून आम्ही गप्प बसलो. बिल पूर्वीसारखं यायला लागलं. शेजारीण यायची तेव्हा मी जिन्याचा दरवाजा ओढून घ्यायचे, तिला तो लाल दिवा दिसू नये म्हणून. या वयात काय काय लपवावं लागतं! माझी मलाच चीड यायची.

एका मंगळवारी हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. मी जिना झाडत होते. त्या पेटीच्या बाजूला एक स्टिकर दिसला. त्यावर दुकानाचं नाव आणि खाली ग्राहक सेवेचा फोन नंबर. हा दिराचा मोबाइल नव्हता, वेगळा नंबर होता. मला वाटलं, हे बरं सापडलं. दुकानात एखादी मुलगी ठेवली असेल फोन घ्यायला. तिला काय माहीत मी कोण? नाव विचारलं तर टाळायचं, फक्त कॉलनी सांगायची. ती लिहून घेईल, माणूस येईल, दिवा हिरवा होईल, आणि कुणाच्या घरात काही बोलणं व्हायचं नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूष होते. झाडू भिंतीला टेकवून नंबर लावला.

"नमस्कार, ग्राहक सेवा, बोला."

शाळा भरलेली असण्याची वेळ होती. मधली सुट्टीसुद्धा व्हायची होती.

"हॅलो? आवाज येतोय का? आधी गाव सांगा, म्हणजे लिहून घेते."

"जळगाव," मी म्हणाले.

पलीकडून मग अगदी बारीक आवाजात, "आई?"

"आज शाळा नाही तुला?"

"जूनपासून जात नाही मी." ती भराभर बोलत होती, तोंडाजवळ हात धरल्यासारखी. "इथलं काम फार वाढलं गं. लोक फोटो बघून येतात, दिवसभर फोन वाजतो. बाहेरची मुलगी टिकत नाही, घरातलंच माणूस हवं होतं. तुला सांगणारच होते. कसं सांगू ते कळेना."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.  मला ओरडायचं होतं. त्या बैठकीतल्या सगळ्यांची नावं घेऊन ओरडायचं होतं, आणि आमच्या गच्चीवरचं ते सगळं उपटून रस्त्यावर फेकायचं होतं. पण माझा आवाज चढला असता तर तो तिथे दुकानात सगळ्यांना ऐकू गेला असता.

आणि मागून व्याह्यांचा आवाज आलाच. तोच मोठा, मोकळा. "कोन शे?"

"तक्रार शे आबा," माझी मुलगी म्हणाली. "जळगावनी."

मग तिने आवाज मोठा केला, स्वच्छ, वर्गात फळ्यापाशी उभी असल्यासारखा. "हं, बोला मॅडम. काय प्रॉब्लेम आहे?"

"लाल दिवा लागलाय," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"दिवा एकसारखा आहे की लागून-बंद होतोय?"

मी मान वर करून बघितलं आणि सांगितलं. तिने पुढचं विचारलं, तेही सांगितलं. मी सांगत गेले आणि ती लिहून घेत गेली.