यंदाचं लाकूड

फुई गेल्याचा निरोप मला नवापूरला शाळेतच मिळाला. नंदुरबारहून सकाळच्या गाडीने आलेला मिरचीचा एक व्यापारी स्टेशनावरून थेट आमच्या मुलींच्या शाळेत आला आणि वर्गाच्या दाराशी उभा राहून म्हणाला, की तुमच्या भावाने सांगितलंय, गंगूफुई पहाटे गेली, दुपारच्या गाडीने निघा. मुली शुद्धलेखन लिहीत होत्या. मी त्यांचा अर्धा राहिलेला परिच्छेद पुरा सांगितला, मगच पिशवी उचलली. फुई म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आता दीड महिना झाला. तिच्याविषयी लिहायला बसले आहे खरी, पण हे तिला आवडलं नसतं याची मला खात्री आहे. लिहिलेल्या कागदावर तिचा विश्वास नव्हता. तसा तिचा कशावरच फारसा विश्वास नव्हता...

नंदुरबारात आमचं घर आणि तिचं सासर एकाच गल्लीत. तिचे यजमान, म्हणजे माझे फुवा, खरादी होते. कमानीच्या दोरीने लाकूड फिरवून ते जपाचे मणी काढत, तुळशीचे आणि क्वचित चंदनाचे. मणी ओवायचं काम फुईचं. एकशे आठ मणी, वर मेरुमणी, दोन मण्यांमध्ये सुताची एकेक गाठ, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत. माळ घ्यायला कुणी आलं की ती आधी गिऱ्हाइकाचा हात बघायची. घामट हाताच्या माणसाला नवी माळ लगेच वापरू द्यायची नाही, आधी तिळाच्या तेलाचं बोट फिरवून सावलीत ठेव म्हणायची. माळ पाण्यात बुडवायची नाही, उन्हात वाळवायची नाही, सूत वर्षाला बदलायचं आणि जप झाला की सुती पिशवीत ठेवायची, असं प्रत्येकाला बजावायची. दुसऱ्या दुकानातली माळ कुणी दाखवली, तर नखाने मणी खरवडून, वास घेऊन तोंड वाकडं करायची. तुळशीच्या नावाखाली कसलंही हलकं लाकूड विकतात, चंदन म्हणून साध्या लाकडाला तेल चोपडतात, हे ती फुवांकडूनच शिकली होती.

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास फुवा तुळशीचं लाकूड आणायला म्हणून गेले आणि परत आले नाहीत. भांडण नाही, आजार नाही. मूलबाळ नव्हतं, पण त्यावरून घरात कधी शब्द झालेला कुणी ऐकला नव्हता. सहा वर्षं फुईने वाट पाहिली. मग तो बैरागी आला.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टळटळीत दुपार होती. फुईच्या ओटीवर तिचे दीर शंकरकाका, माझे वडील आणि गल्लीतली चार माणसं बसली होती. बैराग्याने सांगितलं, की नर्मदेच्या काठी एका धर्मशाळेत तुमच्या माणसाने तापात देह ठेवला, मरताना गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली आणि घरी पोचव म्हणाला. त्याने झोळीतून माळ काढली. काळपट, जुनी दिसणारी, तुळशीची. शंकरकाकांनी डोक्याला हात लावला. आत बायका रडू लागल्या आणि त्यांतली एक फुईच्या बांगड्यांकडे हात करून पुढे सरकली.

फुईने तिचा हात बाजूला केला आणि उंबऱ्याशी येऊन माळ मागून घेतली. रडत नव्हती. माळ तिने नाकाशी नेली, मग बोटांत एक मणी धरून नखाने खरवडला. वरचा काळा रंग निघाला, खाली पिवळट पांढरं लाकूड. तिने दाताने सूत तोडलं. मणी तिच्या ओच्यात घरंगळले. एकेक मणी डोळ्याशी धरून ती उजेडाकडे भोकातून बघू लागली. फुवा मणी दोन्ही तोंडांनी अर्धा अर्धा कोरत, आणि त्यांची सामती, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, जरा वाकडी चाले, म्हणून मधोमध एक बारीक पायरी राहून जाई. तिने शेवटी एक मणी तळहातावर आपटला. भोकातून चिमूटभर ताजा भुसा पडला.

‘‘महाराज, त्या गयात त्याले कितला दिन व्हयनात?’’ तिने विचारलं.

‘‘तीन बरस हो गए, माई.’’

‘‘मंग हाई लाकूड तं यंदानं शे.’’

कुणाला काही समजलं नाही. तेव्हा तिने तळहात सगळ्यांपुढे धरला. वापरातल्या माळेच्या भोकात घाम आणि तेल बसून भुसा कधीच निघून जातो, लाकूड आतपर्यंत पिकतं, हा मणी तर दोन महिन्यांपूर्वीचाही नाही, वरून कात लावलाय, असं ती सावकाश सांगत गेली. आणि भोकात ती पायरी आहे, म्हणजे मणी त्यांच्याच हातचे आहेत. मग बैराग्याकडे न बघता आपल्या दिराला म्हणाली, ‘‘ज्यास्नी हाऊ मणी करा, त्या जित्ता शेतस.’’

बैरागी पाणीही न पिता उठला. त्याला अडवून खरं काय ते विचारावं, असं ओटीवरच्या एकाही पुरुषाला सुचलं नाही.

फुईने बांगड्या फोडल्या नाहीत. कुंकू पुसलं नाही. पण गल्लीने तिचं म्हणणं मानलंही नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणं बंद झालं. नटायची हौस सुटत नाही म्हणून भुशाची गोष्ट रचली, असं बायका म्हणायच्या, काहीजणी त्याहून वाईट बोलायच्या. माझी आईसुद्धा एकदा म्हणाली, की भुसा काय, तो तिच्या ओच्यातच असायचा, दिवसभर तेच काम. ते ऐकल्यापासून माझ्याही मनात किंतु आला. मी पाहिलं होतं ते खरंच मण्यातून पडलं होतं का... फुईपर्यंत हे सगळं पोचत असावं. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त झाली. टपालवाला गल्लीत थांबला की ती काम थांबवायची. शंकरकाका बाजारातून आले की ते कुणाशी बोलत आले हे विचारायची. त्यांच्या पानात वाढताना मात्र चुकूनही कमी करत नसे.

घरचे मणी संपले तशी ती बाजारातल्या माळा ओवून द्यायला लागली. मारवाडी दुकानदार बाहेरगावचा माल तिच्याकडे पाठवत. यात्रेहून आलेली माणसं आपापल्या माळा सूत बदलायला आणत. प्रत्येक माळेचा निदान एक मणी ती उजेडाशी धरायची. लोक म्हणत, गंगूबाईची परख मोठी. मला फार उशिरा कळलं, की तिला लाकडाची परख करायचीच नसे. ती भोकातली पायरी शोधत असे. एकदा मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं होतं, की त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातची माळ पाठवली असती तर मी मुकाट्याने पांढरं नेसले असते. पण दुसऱ्याच्या हातचा मणी त्यांना पाठवणं जमलं नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी मी सासूबाईंना घेऊन डाकोरला गेले. दर्शन झाल्यावर सासूबाई धर्मशाळेत टेकल्या आणि मी माळा बघायला बाजारात निघाले. एका अरुंद दुकानात म्हातारा खरादी कमान ओढत होता. मागच्या दारात एक बाई धान्य निवडत होती, तिच्याशेजारी वयात आलेली मुलगी. मी माळ उचलली आणि सवय नसताना एक मणी उजेडाशी धरला. मधोमध पायरी होती.

मी ‘फुवा’ म्हटलं. कमान थांबली. त्यांनी गुजरातीत सांगितलं, की बाई, तुमची काहीतरी चूक होते आहे, आणि पुन्हा कमान ओढायला घेतली. मी उठले. दुकानाची पायरी उतरले तेव्हा मागून, अगदी हळू, आमच्या बोलीत आवाज आला.

‘‘ती बरी शे का?’’

मी ‘शे’ म्हणाले. त्यांनी खालच्या फळीवरून एक माळ काढली, एकशे आठही मणी बोटांनी चाचपले आणि माझ्या हातात दिली. कुणासाठी ते सांगितलं नाही. माझा संताप झाला, आणि भीतीही वाटली. ही माळ मी घरी नेली, तर त्या दुकानाची वाट मीच तिला दाखवली असं होईल. मागच्या दारातली ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तलावाच्या पायऱ्यांवर गेले आणि माळ पाण्यात सोडली. हलकं लाकूड, लगेच बुडालंही नाही.

नंदुरबारला मी प्रसाद घेऊन फुईकडे गेले. तिने प्रसाद कपाळाला लावला आणि विचारलं, ‘‘डाकोरनी माळ नही लयनी?’’ मी म्हणाले, सगळं खोटं लाकूड होतं, मनाला आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. डाकोरला गेलेलं माणूस माळ आणतंच, आणि तिची भाची सोडून बाकी सगळ्यांनी तिच्यासाठी तिथून माळा आणल्या होत्या, आणि त्यांचे मणी तिने उजेडाशी धरले नसतील असं नाही. ‘‘चांगलं करं,’’ एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने मला त्या गावाबद्दल कधी काही विचारलं नाही. मीही तिच्यापुढे एकटीने बसायचं टाळत गेले, हे आता लिहायला हवं.

त्या दिवशी दुपारच्या गाडीने मी पोचले, तेव्हा फुईला ओटीवर ठेवलेलं होतं आणि बायका कुजबुजत होत्या. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं, की विधवा म्हणून पांढरं... कुणी ठरवेना. शंकरकाका भिंतीला टेकून बसले होते, पार वाकलेले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की हिरवं आणा, फुवा जिवंत आहेत, मी त्यांना डाकोरला पाहिलं आहे. मग काकूने, म्हणजे शंकरकाकांच्या बायकोने, विचारलं की कधी पाहिलं? दहा वर्षं झाली, मी म्हणाले. दहा वर्षांत माणूस राहिला कशावरून, ती म्हणाली.

‘‘त्या शेतस,’’ शंकरकाका म्हणाले. ‘‘दिवाळीले कागद उना व्हता.’’

त्यांनी मान वर केली नाही. काकूचा हात तोंडावर गेला. तिलाही माहीत नव्हतं, की असल्याचं तिने दाखवलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. थोड्या वेळाने तीच आत जाऊन पेटीतलं हिरवं लुगडं घेऊन आली आणि ज्यांनी फुईला वीस-बावीस वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, त्या बायकांनी तिला मळवट भरला.

असे कागद किती आले, कधीपासूनचे, त्यांत काय असे, मी शंकरकाकांना विचारलेलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही, की डाकोरहून आल्यावर तू गप्प का राहिलीस. आम्ही दोघं भेटलो की बाजाराचं, तब्येतीचं बोलतो. एकाच गल्लीतल्या आम्ही दोघांनी तिच्यापासून तीच गोष्ट लपवली, आणि ती आमच्यामध्ये बसून लोकांच्या माळा ओवत राहिली. तिने आम्हाला कुणालाच कधी सरळ विचारलं नाही. विचारलं असतं, तर आम्ही तिच्या तोंडावर खोटं बोललो असतो... ते तिला ऐकायचं नसावं.