सुपडाभाऊंच्या ज्वारीतला पक्षी

आता काय सांगू तुम्हाला, माझी अशी फजिती झाली की आजही सोनाळ्याच्या रस्त्याने जाताना एका वावरापाशी आलो की मी मान वळवून दुसरीकडे बघतो. चहा घ्या आधी, सांगतो.

मी वरवट बकालला शाळामास्तर. पक्षी बघायचा नाद लागला तो नांदुऱ्याच्या कुलकर्णी सरांमुळे. निवृत्त माणूस, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. आपल्या भागात कोणी नवा पक्षी दाखवला की सर त्याचं नाव त्या वहीत लिहायचे. सगळ्यांची नावं लागली होती. माझंच नव्हतं! कारण काय, तर पक्षी दिसला की मी त्याच्याकडे बघत तंद्रीत जायचो आणि तो उडून गेल्यावर दुर्बीण लावायचो.

पण गेल्या फाल्गुनात नशीब उघडलं. पहाटे सोनाळ्याच्या बाजूला फिरायला गेलो होतो. पळस फुललेला, लांबवर सातपुडा निळा निळा, वाऱ्याला मोहाचा वास. आणि सुपडाभाऊंच्या ज्वारीतून आवाज आला, 'पीऽऽ यू, पीऽऽ यू, किर्रर्र!' मी बांधावरच बसलो. डोळे आपोआप मिटले. कुठल्या देशाहून आला असेल बिचारा, किती समुद्र ओलांडले असतील! मला भरून आलं हो.

सलग तीन दिवस पहाटे तोच आवाज, बांधावरच्या एकाच बोरीच्या झाडातून. मोबाइलवर रेकॉर्ड करून सरांना पाठवला. लगेच फोन!

"मास्तर, असा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नाही! पक्षी पाहिला का?"

पाहिला कुठला? पण मिटल्या डोळ्यांना तो इतका स्पष्ट दिसला होता की तोंडून निघूनच गेलं, "पाहिला ना सर! निळी पाठ, तांबूस पोट आणि शेपटी हातभर!"

झालं! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सर आणखी तिघांना घेऊन हजर. आम्ही पाचही जण बांधामागे पालथे पडलो. कुसळं टोचताहेत, मुंग्या चावताहेत, पण कोणी हूं की चूं करत नाही. सरांनी वही काढून माझं नाव लिहिलंसुद्धा! पुढे पक्ष्याची जागा तेवढी कोरी ठेवली.

'पीऽऽ यू!'

सरांनी माझा हात घट्ट दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्माचं सार्थक झालं असं वाटलं मला.

'पीऽऽ यू, किर्रर्र...' आणि मग त्याच बोरीतून एका बाईचा गोड आवाज आला, "कृपया बॅटरी चार्ज कीजिए."

कोणी हललं नाही. सरांच्या सोबतचा एक जण हळूच म्हणाला, "मादी असन."

तेवढ्यात सुपडाभाऊ आले. "काऊन हो मास्तर, असे पालथे काऊन पडून राह्यले? साप निंघाला का?"

"पक्षी पाहून राह्यलो, भाऊ."

"माह्या वावरात?" त्यांनी बोरीत हात घालून एक भोंगा बाहेर काढला. "अहो, हा त पाखरं हाकलाचा भोंगा हाय! दिवस निंघाच्या आंधी आपोआप बोंबलते. ज्वारीत दाणा भरला तवापासून लावला. साऱ्या शिवारात पाखरं भेटतीन तुमाले, पन माह्या वावरात एक नाही!"

म्हणजे बघा! सगळं शिवार सोडून, जिथे एकही पक्षी नाही नेमकी तीच जागा मी सरांना दाखवली होती. लाजेने कान तापले. कपडे झटकत मी कसाबसा म्हणालो, "सर, नाव खोडून टाका."

"खोडायचं कशाला?" सरांनी शांतपणे पेन उघडलं, माझ्या नावापुढची कोरी जागा भरली आणि वही माझ्यासमोर धरली.

लिहिलं होतं, 'भोंग्याला न भिणारं या भागातलं एकमेव पाखरू.'