तिसऱ्या चंद्रावर गेलेले माझे साडू

चाल करून आलेल्या राक्षसाला "आज एकादशी आहे, उद्या बघू" असं सांगून टीव्ही बंद करणारा माणूस साऱ्या इंदुरात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजेंद्र नगरात राहतात. सिंचाईच्या ऑफिसात बाबू होते. रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांच्या मुलाने नोकरीसाठी इंदूर सोडलं आणि जाताना आपला जुना व्हिडिओ गेम माळ्यावर टाकून गेला. साडू माळा साफ करायला चढले आणि उतरले ते गेम हातात घेऊनच. माळा अजून तसाच आहे. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात लोक घरं बांधतात, नातवंडं शाळेत घालतात. साडूंनी एक कॅसेट चालवली. तीही पुरी नाही.

तो खेळ अर्धा पुराणातला आहे नि अर्धा रॉकेटातला. माणसांच्या हातात तलवारी, पण दुसऱ्या ग्रहावर जायला विमान. राजवाड्याच्या दारावर भालेवाले उभे, पण दार बटणाने उघडतं. तीन चंद्र आहेत आणि तिसऱ्या चंद्रावर एक दुष्ट बसलाय. त्याला मारायला चार वीर निघतात: एक तलवारवाला, एक बंदूकवाली, एक मलमपट्टीवाली आणि एक लोखंडाचा माणूस. या चौघांना नावं आपण द्यायची, इंग्रजी चार अक्षरांत. साडूंनी तलवारवाल्याला नाव दिलं 'राजे', कारण त्यांचे पणजोबा दरबारच्या घोडदळात होते. हे ते दूधवाल्यालाही सांगतात. बंदूकवालीला 'ताई', म्हणजे त्यांची स्वतःची बायको. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. मलमपट्टीवालीला 'मालू', म्हणजे माझी बायको. आणि लोखंडाच्या माणसाला 'साडू', म्हणजे मी. मी विचारलं, "मलाच का हो लोखंडाचा?" तर म्हणाले, "तो बोलत नाही, मार खातो नि वळायला वेळ लावतो. दुसरं कोणाचं नाव घालू?" मालू एवढी हसली की तिच्या मांडीवरचे मटार घरभर पळाले.

रोज दुपारी चार वाजता आम्ही दोघं आमच्या अन्नपूर्णा भागातून त्यांच्याकडे जायचो. पुढे खुर्चीवर साडू, मागे दिवाणावर मी आणि मालू. मी चाळीस वर्षं कारखान्यात खराद मशीनवर, म्हणजे लेथवर, काढली, सातवीच्या पुढे शाळा बघितली नाही. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण तिथे शेव मिळायची. मालूला मात्र सगळं कळायचं. ती भाजी निवडता निवडता हुकूम सोडायची, "भावजी, तिला पाणी पाजा हो, किती चालवता!" साडू म्हणायचे, "पाण्याची सोय नाही यात, मालूताई." मग ती म्हणायची, "खेळ बनवणारे पुरुषच असणार."

साडूंनी त्या वीरांना आपल्या घरच्यासारखं वागवलं, म्हणजे भयंकर छळलं. अमावस्येला गावाबाहेर पडायचं नाही. एकादशीला मारामारी नाही. दोन ते चार चौघांनी खेळातल्या धर्मशाळेत झोपायचं, कारण साडू झोपायचे. नव्या गुहेत शिरण्याआधी टीव्हीसमोर नारळ फोडायचा. एकदा करवंटीचा तुकडा उडून ताईच्या काचेच्या बरणीवर बसला, तेव्हापासून ती नारळ हातात देत नाही, गूळ देते. खेळातलं सगळं बोलणं इंग्रजीत लिहून येतं. साडू डिक्शनरी उघडून त्याचा तर्जुमा करायचे आणि तो निघायचा ऑफिसच्या हिंदीत. राक्षस गुरगुरला की साडू चष्मा सावरून वाचायचे, "एतद्द्वारा सूचित किया जाता है कि आप सभी को खाया जाएगा." मालू विचारायची, "अर्ज कुठे करायचा भावजी, नको म्हणून?"

पण सगळ्यात मोठं वेड पेट्यांचं. त्या खेळात कोणाच्याही घरात शिरायचं आणि त्याची पेटी उघडून असेल ते उचलायचं, अशी रीतच आहे म्हणे. हत्यारं, औषधं, सगळं तसंच गोळा होतं. साडूंना ते पटेना. "लोकांच्या घरात घुसून पेट्या उघडायच्या? आम्ही घोडदळवाले आहोत, डाकू नाही." म्हणून त्यांचे वीर कुठल्याच पेटीला हात लावायचे नाहीत. परिणाम काय? दुनिया वाचवायला निघालेली ही चौकडी पाच वर्षं लाकडी काठ्या घेऊन हिंडली. उंदराएवढे राक्षस त्यांना बदडायचे. शिवाय दुसऱ्या ग्रहावर जायचा परवाना पहिल्याच गावातल्या एका म्हातारीच्या पेटीत होता, आणि साडू त्या पेटीला दुरून नमस्कार करून परत यायचे. शेवटी मालू म्हणाली, "भावजी, त्या म्हातारीशी दुसऱ्यांदा बोला. पहिल्या भेटीत कोण मनातलं सांगतं?" साडूंनी बोलून पाहिलं. म्हातारी म्हणाली, पेटीत आहे ते तुझंच आहे, घेऊन जा. पाच वर्षं बिचारी हेच सांगायला उभी होती. साडूंनी डिक्शनरी मिटली नि मालूकडे बघून म्हणाले, "तुम्ही ऑफिसात असता तर मी प्रमोशन घेऊन रिटायर झालो असतो." त्या दिवसापासून ते प्रत्येकाशी दोनदा बोलायला लागले. खऱ्या माणसांशीसुद्धा. भाजीवाला वैतागायचा, "अंकलजी, बता तो दिया भिया, चालीस रुपिया किलो!"

मालूला एकच हौस होती, शेवट बघायची. दुष्टाला मारल्यावर या चौघांचं काय होतं, घरी जातात का, तिथेच राहतात का. दर महिन्याला विचारायची, "भावजी, तुमच्या एकादश्या आधी संपणार की मी?"

ती आधी संपली. मागच्या फाल्गुनात. त्यावर जास्त लिहीत नाही.

साडूंनी सुतक पाळलं. आपलं पाळलं ते वेगळं, त्या वीरांचंही पाळलं. चौघांना धर्मशाळेत झोपवलं आणि तेरा दिवस टीव्हीवर चादर. चौदाव्या दिवशी चार वाजता माझ्या दारात येऊन उभे राहिले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, "चला."

"कुठे?"

"उठवायचंय त्यांना."

मी तोंडाचा फटकळ आहे. म्हणालो, "माझी बायको मेलीय आणि तुम्हाला खेळ सुचतोय? लाज आहे का?" साडूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "चार वाजलेत हो." मी स्वयंपाकघराकडे बघितलं. चहाचं भांडं कोरडं उपडं होतं. मी चपला घातल्या.

टीव्ही लागला. चौघं ओळीने उभे राहिले, तिसरी मालू. खाली तिचं नाव, समोर तिची ताकद, भरलेली. तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. रेशनकार्डावरून तिचं नाव निघालं होतं, गॅसच्या पुस्तकातून निघालं, बँकेतून निघालं. सगळीकडे मीच सह्या करून काढलं. इथे कोणी माझी सही मागितली नव्हती. इथे ती काठी घेऊन उभी होती नि पुढे कधी जायचं ते विचारत होती. मी रोज जायला लागलो. खरं तर तीनलाच निघायचो.

आणि एक दिवस टीव्ही लावला तर चौघं नाहीत. कोरा पडदा. साडूंनी कॅसेट काढून फुंकर मारली, बसवली, परत काढली, सदऱ्याला पुसली. पाचव्या खेपेला चौघं आले. साडूंचा सदरा घामाने भिजला होता. आम्ही कॅसेट रुमालात गुंडाळून रिपेअरिंगवाल्याकडे नेली. त्याने ती कानाजवळ हलवली, उघडली नि म्हणाला, "अंकलजी, अंदर सेल होता है, उसी से याद रखती है. सेल मर रिया है. बदल तो दूँगा, पर अंदर का सब उड़ जाएगा."

साडूंनी विचारलं, "आदमी लोग भी?"

"कौन आदमी लोग?"

साडूंनी त्याला हाच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. मी कॅसेट उचलली आणि त्यांना बाहेर काढलं.

येताना रस्त्यात ठरलं. सेल कधीही जाईल, जाईल तेव्हा मालूचं नाव जाईल. त्याला इलाज नाही. पण जायच्या आत तिला शेवट दाखवायचा. एकदा टीव्ही लावला की शेवट होईपर्यंत बंद करायचा नाही, म्हणजे सेलवर काही सोडायला नको.

तीन दिवस तो टीव्ही चालू होता. वैशाखाचं ऊन. लाईट गेली तर खेळ मरायचा, म्हणून साडूंनी घरचा इन्व्हर्टर एकट्या टीव्हीला जोडला. पंखा बंद, कपड्यांची प्रेस बंद, मिक्सर बंद. आम्ही दोघं म्हातारे बनियनवर बसलो, पाय पाण्याच्या परातीत. ताईने चटणी खलबत्त्यात कुटली आणि प्रत्येक घावाला साडूंचं नाव घेतलं, लग्नात उखाण्यात घेतलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी एकादशी आली. मी साडूंकडे बघितलं. ते कॅलेंडरकडे बघत होते. मग उठले, कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून उलटं टांगलं आणि येऊन बसले. "राक्षस कुठे हिंदू आहे," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दुष्ट समोर आला. अर्धा यंत्र, अर्धा अजगर, सात तोंडं. साडूंनी त्याचं सगळं भाषण तर्जुमा करून वाचलं, शेवटी "भवदीय" लावलं आणि लढाई सुरू झाली. या खेळातली लढाई सभ्य असते. आपण एक मारायचा, मग त्याने एक मारायचा. आपण बटण दाबेपर्यंत तो थांबतो. राजे मारत होते, ताई गोळ्या घालत होती, लोखंडी साडू मार खात होता आणि मालू हात वर करून सगळ्यांवर निळा उजेड सोडत होती. मग त्याने सातही तोंडांनी एकदम आग ओकली आणि मालू पडली. तिचं नाव लाल झालं. पडलेल्याला उठवायचं औषध साडूंकडे एकच होतं, अकरा वर्षं वेळेला लागेल म्हणून जपलेलं. ते पाजलं. मालू उठली, तिने सगळ्यांना बरं केलं आणि परत पडली.

साडूंनी हातातलं खाली ठेवलं. राक्षस उभा होता. आम्ही बसलो होतो. ताई चहा घेऊन आली, तिने पडद्याकडे बघितलं. अकरा वर्षांत तिने त्या खेळाकडे झाडू मारताना बघितलं असेल तेवढंच. "मालू कुठाय?" तिने विचारलं. साडूंनी पडद्यावरच्या लाल नावाकडे बोट केलं. ताईने चहा टेबलावर ठेवला नि मालू बसायची तिथे, माझ्या शेजारी, बसली.

मी म्हणालो, "दाबा."

"कसं दाबू? ती पडलीय."

"पडली म्हणूनच दाबा. तिला शेवट बघायचा होता, आपलं रडगाणं नाही."

"माझ्याने होणार नाही. तुम्ही दाबा."

मी आयुष्यात त्या यंत्राला हात लावला नव्हता. साडूंनी माझा अंगठा धरून बटणावर ठेवला. मी दाबलं. लोखंडी साडूने जाऊन त्या अजगराच्या पोटात गुद्दा घातला. मी परत दाबलं. साडू कानाशी सांगत होते, "आता राजे. आता तुम्ही. आता ही." शेवटची गोळी ताईने घातली. सातही तोंडं मिटली आणि खरी ताई दिवाणावरून उठून उभी राहिली, "बघा! अकरा वर्षं तुम्ही दोघं काय करत होता?"

मग बाजा वाजला. एक हिरवा डोंगर आला नि त्यावरून चौघं चालत निघाले. चौघं. ज्याने हा खेळ बनवला त्याचं भलं होवो, पडलेल्यांनाही त्याने शेवटी चालवलं होतं. एकेकाचं घर येत गेलं, एकेक आत गेला. मालूचं घर सगळ्यांत लांब, नदीकाठी. ती दारात थांबली, मागे वळून हात हलवला आणि आत गेली. खाली इंग्रजीत काही लिहून आलं. मी म्हणालो, "वाचा." साडूंनी डिक्शनरी उघडली, चष्मा पुसला, परत पुसला, आणि म्हणाले, "सूचना वगैरे काही नाही हो. पोचली, एवढंच लिहिलंय." ताईने पदर तोंडाला लावला. साडूंनी उठून स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला.

सेल बदलला. आत सगळं कोरं आहे. परवा चार वाजता साडूंनी पहिल्यापासून खेळ लावला. तो नावं विचारायला लागला. राजे टाकलं, ताई टाकलं, मग त्यांचा हात थांबला आणि ते माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "नको. तिला पुरे झाली ही धावपळ. तिथे माझं टाका."

"अहो, ती बाई आहे. झगा घातलाय तिने."

"असू दे झगा."

"मग लोखंडी माणूस?"

"बिननावाचा राहील. कमी मार खाईल."

साडू म्हणाले, "मलमपट्टी जमेल का तुम्हाला?" त्यांनी सहज विचारलं. पण मालूच्या दुखण्यात तिच्या औषधाच्या गोळ्या ताई येऊन द्यायची. सकाळची कुठली आणि झोपतानाची कुठली, ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मी म्हणालो, "शिकेन."

काल पहिल्याच जंगलात राजेंना कसलासा किडा चावला. साडूंनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि खुर्चीवर मागे रेलून बसले. मी शोधून शोधून बटण दाबलं. माझ्या नावाच्या बाईने हात वर केला, निळा उजेड पडला आणि राजेंची ताकद हळूहळू भरत गेली.

"बरं वाटलं हो," साडू म्हणाले.